चौकाची पीयूसी कोण काढणार?

पेट्रोल पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनपाशी गाडी लावायची, सायलेन्सरमध्ये नळी घालून घ्यायची, नंबरप्लेटचा फोटो निघाला की पैसे देऊन पीयूसीचा कागद घ्यायचा, हे आता गाडीमालकाच्या अंगवळणी पडले आहे. कागद जवळ नसेल तर मोटार वाहन कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण तीच गाडी पुढच्या चौकात सिग्नल तीनदा सुटूनही जागची हलत नाही, तेव्हा जळणाऱ्या पेट्रोलचा जाब कोणाला विचारायचा? गाडी निर्दोष आहे, चालक झेब्रा पट्ट्यांच्या मागे उभा आहे, कागदपत्रे पूर्ण आहेत. धूर होतो आहे तो चौक चुकीचा आखल्यामुळे किंवा सिग्नलची वेळ चुकीची लावल्यामुळे. त्या चौकाची पीयूसी काढायला कुठलीही व्हॅन येत नाही.

वाहतूक सुधारणेच्या प्रत्येक घोषणेत इंधनबचतीचे एक वाक्य ठरलेले असते. उड्डाणपूल झाला, रस्ता एकेरी केला, चौक 'सिग्नलमुक्त' केला, काहीही केले तरी वेळ वाचणार, इंधन वाचणार, प्रदूषण घटणार. प्रकल्प अहवालात त्याचा रुपयांत हिशेबही असतो. तो हवेतून काढलेला नसतो, हे मान्य करू. इंडियन रोड्स काँग्रेसची त्यासाठी 'एसपी 30' नावाची मार्गदर्शिका आहे आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने 1982 पासून केलेल्या वापरखर्चाच्या अभ्यासावरची सूत्रे त्यात दिली आहेत. गाडीचा प्रकार, रस्त्याची रुंदी, खडबडीतपणा आणि सरासरी वेग घातला की किलोमीटरमागे किती इंधन, ते निघते. काम करण्याआधी हा हिशेब होतो. काम झाल्यावर पुन्हा जाऊन तो ताडून पाहायची पद्धत आपल्याकडे नाही. फीत कापली की फाइल बंद.

या हिशेबाची खरी गोम सरासरी वेगात आहे. टॉमटॉम कंपनीच्या 2024च्या क्रमवारीत पुणे जगात चौथे आले. 10 किलोमीटरला 33 मिनिटे 22 सेकंद, म्हणजे ताशी 18 किलोमीटर. त्यावर बातम्या झाल्या, विनोद झाले, एकमेकांवर ढकलाढकलीही झाली. पण हे 18 कसे गाठले, यावर इंधनाचे सगळे गणित अवलंबून आहे. एक गाडी गल्लीतून संथ, न थांबता ताशी 18ने गेली आणि दुसरी 40ने सुटून, करकचून ब्रेक लावून, मिनिटभर उभी राहून पुन्हा 40ने सुटली, तरी दोघींची सरासरी 18च येईल. पेट्रोल मात्र दुसरीने कितीतरी जास्त प्यायलेले असेल.

किती जास्त, ते घरबसल्या काढता येते. माणसांसकट 1,200 किलोची कार शून्यावरून ताशी 40 वर न्यायला सुमारे 74 किलोज्यूल ऊर्जा लागते. शहरातले पेट्रोल इंजिन इंधनातली जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा ऊर्जा चाकापर्यंत पोचवते. त्या हिशेबाने एका 'सुटण्या'ला सुमारे 10 मिलिलिटर पेट्रोल जाते आणि पुढचा ब्रेक लावला की ते सगळे ब्रेकपॅडवर उष्णता होऊन संपते. किलोमीटरमध्ये असे तीनदा झाले तर 30 मिलिलिटर. एरवी लिटरला 15 ॲव्हरेज देणारी गाडी अख्ख्या किलोमीटरला 67 मिलिलिटर पिते, म्हणजे हे जवळजवळ निम्मे झाले. 'गाडी सिटीत ॲव्हरेज देत नाही' म्हणून मेकॅनिककडे चकरा मारणाऱ्यांनी एकदा चौकाकडेही संशयाने पाहावे.

गतिरोधकाची गोष्टही हीच. गाडी पूर्ण थांबत नाही, पण 40वरून 10वर येते आणि पुन्हा वर चढते. नुकसान थांबण्याएवढेच, उणेअधिक एखाद-दोन मिलिलिटर. ज्या रस्त्यावरून दिवसाला 20,000 कार जातात तिथला एक अनावश्यक गतिरोधक रोज साधारण 200 लिटर पेट्रोल खाऊन बसतो आणि लिटरला 2.3 किलोच्या हिशेबाने 460 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. शाळेसमोरच्या गतिरोधकाला कोणी हात लावू नये, तिथे लेकराच्या जिवापुढे पेट्रोलचा विचार करायचा नसतो. पण गणपतीच्या आधी एका रात्रीत, कोणाच्या तरी सांगण्यावरून डांबर ओतून केलेले जे उंचवटे आहेत त्यांचे काय? इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिले आहे: उंची 10 सेंटीमीटर, रुंदी 3.7 मीटर, म्हणजे ताशी 25च्या वेगाने गाडी अलगद वर चढून उतरावी. आपल्या गल्लीतला मोजून पाहा. बहुधा उंची जास्त आणि रुंदी हातभर निघेल.

आता 'सिग्नलमुक्त चौक' या सध्याच्या लाडक्या उपायाकडे येऊ. चौकातले उजवे वळण बंद करायचे, दुभाजक जोडून टाकायचा आणि गाड्यांना पुढे जाऊन यू-टर्न घेऊन परत यायला लावायचे. चौक मोकळा दिसतो. वरून ड्रोनने काढलेला फोटो तर फारच छान येतो. पण अर्धा किलोमीटर पुढे आणि अर्धा मागे, म्हणजे किलोमीटरभर जास्तीचे अंतर. त्याचे 67 मिलिलिटर. याच्या उलट, त्या कारने सिग्नलला मिनिटभर इंजिन चालू ठेवून उभे राहण्याचे 13 मिलिलिटर आणि पुन्हा सुटण्याचे 10, मिळून 23. एसी चालू असला तर पाच-सात आणखी धरा. म्हणजे या कारच्या बाबतीत बंद चौकाने इंधन वाचवले नाही, दुपटीहून जास्त केले. वेळ कदाचित वाचला असेल, पण घोषणेतले 'इंधन वाचेल' हे वाक्य खोटे ठरले.

लगेच उलटे टोक गाठायचेही कारण नाही. त्याच चौकात संध्याकाळी सातला रांग इतकी लांब असेल की सिग्नल तीनदा सुटल्यावरच नंबर लागतो, तर सहा मिनिटे उभे राहण्याचे 80 आणि मधल्या सरकासरकीचे वीस-तीस मिलिलिटर, मिळून शंभरीच्या वर जाते. तिथे यू-टर्न परवडला. शिवाय सरळ जाणाऱ्यांना चौक मोकळा मिळाला, त्यांची बचत वेगळी जमेला धरायची. तेव्हा यू-टर्न चांगला की वाईट, याचे उत्तर चौकागणिक आणि तासागणिक वेगळे येईल. ते मोजूनच कळते, आणि मोजत तर कोणी नाही. दुपारी दोनला ओस पडलेल्या रस्त्यावरही तोच दुभाजक गाडीला तेवढाच वळसा घालायला लावतो, त्याचा हिशेब कोणत्याही सादरीकरणात दिसत नाही. एकेरी वाहतुकीचेही तसेच. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता ही पुण्यातली एकेरी जोडी समांतर असल्याने निभावते. पण ज्या पेठेत समांतर रस्ताच नाही तिथे एकेरी करणे म्हणजे शेजारच्या दुकानात जायला गावाला प्रदक्षिणा.

सिग्नलच्या वेळेमागे तर शास्त्र आहे आणि तेही जुने आहे. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वेबस्टर यांनी 1958 मध्ये सिग्नलचे चक्र किती सेकंदांचे असावे याचे सूत्र दिले. जगभरचे अभियंते अजून ते शिकतात. पण ते सूत्र सर्वांचा मिळून खोळंबा कमीत कमी व्हावा यासाठी आहे. इंधन कमीत कमी जाळायचे असेल तर थांबण्याची संख्याही मोजावी लागते आणि मग चक्र थोडे लांब ठेवणे फायद्याचे ठरते. 1969 मध्ये रॉबर्टसन यांनी तयार केलेल्या 'ट्रान्झिट' या संगणक प्रणालीत म्हणूनच खोळंबा आणि थांबे, दोन्हींना वजन दिले होते. वेळ वाचवणारा सिग्नल आणि इंधन वाचवणारा सिग्नल एकच नव्हे, हे माहीत होऊन अर्धशतक उलटले. आपल्या चौकात मात्र कंट्रोलरमध्ये कोणे एके काळी भरलेले सेकंद चालू असतात, आणि गर्दी वाढली की मामा पेटीचे झाकण उघडून हाताने साईड सोडतात. मामांना दोष नाही. समोर चारही बाजूंनी हॉर्न वाजत असताना माणूस जिकडची रांग मोठी तिकडे हात करणारच. पण एक बाजू चार मिनिटे सोडली की पुढच्या चौकात तो सगळा लोंढा एकदम जाऊन आदळतो आणि तिथले गणित बिघडते.

अशा चौकात रिक्षावाल्यांकडे पाहावे. टायमरवर 90 दिसले की रिक्षावाला इंजिन बंद करतो. पुढची रिक्षा सरकली तर एक पाय खाली टेकवून ढकलतो, पण किल्ली फिरवत नाही. आडव्या रस्त्याचा सिग्नल पिवळा झाला की मगच स्टार्टर. सीएनजी त्याच्या खिशातून जातो. त्याच्या शेजारी काचा वर केलेली कंपनीची गाडी घुरघुरत उभी असते, कारण इंधनाचे बिल दुसऱ्याच्या टेबलावर जाणार असते. कित्येक नव्या गाड्यांत तर सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय येते. एसी थंड लागेनासा होतो म्हणून ती सोय बंद करायचे बटण मालक पहिल्या आठवड्यातच शोधून काढतो. दिल्ली सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये 'रेड लाईट ऑन, गाडी ऑफ' ही मोहीम काढली होती, चौकाचौकात स्वयंसेवक फलक धरून उभे केले होते. हेतू चांगला होता. पण 'लाल दिवा लागला की इंजिन बंद कर' असे नागरिकाला सांगताना 'तो लाल दिवा एवढा वेळ का लागतो' हे प्रशासनाने स्वतःला विचारायचे राहून गेले, तर सगळी शिस्त रांगेत उभ्या असलेल्याच्याच माथी येते.

मोजायचे काय, यातही एक चलाखी चालते. गाड्या मोजल्या की हिशेब गाडीवाल्याच्या बाजूने झुकतो. माणसे मोजली तर चित्र पालटते. एकट्या माणसाला घेऊन जाणारी कार किलोमीटरला 67 मिलिलिटर जाळते. लिटरला 50 जाणारी दुचाकी 20. आणि डिझेलवरची, लिटरला साडेतीन किलोमीटर जाणारी बस 50 प्रवासी असतील तर माणशी 6 मिलिलिटरच्या आत. तेव्हा एका बसला चौकात थांबायला न लावणे हे इंधनाच्या दृष्टीने दहा-बारा कार सोडण्यापेक्षा किफायतीचे. पण ओळीने हिरवे दिवे मिळावेत म्हणून सिग्नल एकमेकांशी जुळवतात ते कारच्या चालीने. बस मध्ये थांब्यावर थांबते, चार माणसे चढतात-उतरतात आणि ती हिरवी साखळी तिच्या हातून निसटते. पुढे प्रत्येक चौकात तिला लाल दिवा. पुण्यात 2006 मध्ये देशात पहिल्यांदा बीआरटीचा प्रयोग झाला, तो अर्धवट बांधला, अर्धवट चालवला आणि पुढे नगर रस्त्यावरचा मार्ग तर उखडूनच टाकला. उखडताना कारण दिले कोंडीचे. ती कोंडी कारची होती. बसमधल्या माणसांमागे इंधन किती वाढले, हा प्रश्न त्या वेळी टेबलावर असायला हवा होता.

दुसरी चलाखी काळाची. नवा पूल झाला की पहिले सहा महिने सगळे खूश असतात. मग 'आता रस्ता मोकळा आहे' म्हणून बस सोडून गाडी काढणारे वाढतात, पुलापलीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी नव्या गृहसंकुलांच्या जाहिराती लागतात आणि कोंडी होती तिथे परत येते, फक्त आता तिच्यात गाड्या जास्त. अमेरिकेत डाउन्स यांनी 1962 मध्येच हे लिहून ठेवले होते. ड्युरँटन आणि टर्नर यांनी 2011 मध्ये तिथल्या महानगरांच्या आकडेवारीवरून दाखवले की महामार्गाच्या लेन जितक्या पटीत वाढतात, गाड्यांचे धावलेले किलोमीटर जवळजवळ तितक्याच पटीत वाढतात. प्रकल्प अहवालात लाभाचा हिशेब वीस-तीस वर्षांचा मांडायची रीत आहे. गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल दीड दशकाच्या आत, जुलै 2020 मध्ये, मेट्रोसाठी पाडावे लागले. त्यांच्या नावावर मांडलेली उरलेल्या वर्षांची बचत कोणत्या खात्यावर वळती करायची?

मुंबईचे उदाहरण याहून अवघड आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. नाक्यावर रांगेत जळणारे इंधन वाचले, हे उघड आहे. पण शहरात गाडी आणणे तेवढ्याने स्वस्तही झाले. लोकलचा पास सोडून किती जणांनी गाडी काढली? रांगेतली बचत मोठी की वाढलेल्या फेऱ्यांचा खर्च मोठा? या प्रश्नाचे उत्तर काहीही येऊ शकते. म्हणूनच निर्णय अमलात येण्याआधी आणि नंतर मोजणी करून आकडे लोकांपुढे ठेवणे, हे सरकारचे काम होते.

हे कसे करतात ते पाहायचे तर स्टॉकहोमकडे पाहावे. तिथे शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचे ठरले तेव्हा आधी चाचणी घेतली: 3 जानेवारी ते 31 जुलै 2006. चाचणीआधी मोजले, चाललेली असताना मोजले आणि शुल्क बंद केल्यावर पुन्हा मोजले. हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी आणि मध्यभागातल्या वाहतुकीचे कार्बन उत्सर्जन सुमारे 14 टक्क्यांनी घटलेले दिसले. शुल्क थांबताच गाड्या परत आल्या, तेही लोकांनी पाहिले. मग सप्टेंबरमध्ये शहरात सार्वमत झाले, कौल बाजूने गेला आणि ऑगस्ट 2007 पासून शुल्क कायमचे लागू झाले. आपल्याकडे असे शुल्क लावावे असे येथे म्हणायचे नाही. बस धड नसताना गाडीवर शुल्क लावणे म्हणजे नुसती वसुली होईल. घेण्यासारखी आहे ती त्यांची तीनदा मोजण्याची रीत.

मोजायला काय लागते? चौकाजवळचे हवेचे यंत्र बघून भागत नाही, कारण त्या हवेत वारा, पाऊस, शेकोटी, बांधकामाची धूळ सगळेच मिसळलेले असते. दिल्लीत जानेवारी 2016 मध्ये सम-विषम केले तेव्हा हवा सुधारली की नाही यावर तज्ज्ञांत वाद झाले, ते त्यामुळेच. खरी मोजणी गाडीत बसून करावी लागते. पाच-दहा कार, काही दुचाकी, दोन बसना गतीची सेकंदागणिक नोंद करणारे आणि इंजिनचे इंधन वाचणारे साधन लावायचे, तोच मार्ग बदलाआधी आणि बदलानंतर, सकाळी, दुपारी, संध्याकाळी पुन्हा पुन्हा पालथा घालायचा. रांगेची लांबी आणि गाड्यांची संख्या तर चौकातल्या कॅमेऱ्यांतून मिळते. आज ते कॅमेरे फक्त चलन फाडण्यासाठी कामाला लावले आहेत.

हे ज्ञान बाहेरून आणावे लागेल असेही नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे एआरएआय, 1966 पासून आहे. 1980च्या दशकात भारतीय शहरांतल्या गाड्यांची चाल टिपून तिने चाचणीसाठी एक ठरावीक चक्र तयार केले: 108 सेकंदांचे, जास्तीत जास्त वेग ताशी 42, सरासरी ताशी सुमारे 22. देशातल्या कोट्यवधी दुचाकी याच चक्रावर रोलरवर पळवून पास केल्या गेल्या. पुढे, 2007च्या सुमारास, भारतीय गाड्या किलोमीटरमागे किती धूर सोडतात याचे गुणांकही तिनेच काढले. आणि एप्रिल 2023 पासून तर नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावर यंत्र लावून उत्सर्जन मोजण्याची अट लागू झाली. म्हणजे कारखान्याकडून आपण खऱ्या रस्त्यावरचा हिशेब मागू लागलो, पण त्या रस्त्याच्या मालकाकडून अजून मागत नाही. टेकडीवरून खाली उतरले की पौड रस्ता आणि कर्वे रस्ता. मोजणीच्या यंत्रांना फार लांब जावे लागणार नाही.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हा प्रश्न आपोआप सुटेल असे म्हणणारे आहेत. इलेक्ट्रिक बस सिग्नलला जवळजवळ काही खात नाही आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवते, हे खरे. पण रस्त्यावरच्या गाड्या एका वर्षात बदलत नाहीत. आज विकली गेलेली पेट्रोल गाडी पुढची पंधरा वर्षे याच चौकात उभी राहणार आहे.

महापालिकेने आणि वाहतूक शाखेने एवढेच करावे: यापुढे ज्या चौकावर पाच कोटींहून जास्त खर्च होईल किंवा जिथले वळण कायमचे बंद होईल, तिथली माणशी इंधनखर्चाची मोजणी कामाआधी, काम झाल्यावर सहा महिन्यांनी आणि तीन वर्षांनी करून आकडे संकेतस्थळावर टाकावेत. प्रकल्पाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. आकडे वाईट आले तर दुभाजक पुन्हा फोडता येतो, सिग्नलचे सेकंद तर पेटीपाशी उभे राहून बदलता येतात.

वाचकांनाही एक करता येईल. पुणे महापालिका 2006 पासून सहभागी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. बहुतेक अर्जांत बाक, दिवे, पदपथाच्या फरशा आणि गतिरोधक असतात. यंदा गतिरोधक मागण्याऐवजी आपल्या चौकाचे नाव घालून लिहून द्या: 'या चौकात माणशी किती इंधन जळते ते मोजा आणि आकडा चौकातच फलकावर लावा.'